दुपारी तिथलं, रात्री आपलं



आजचा विषय फलकावर वाचून काहीजण हसले असतील. भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीत बसून स्कॅन्डिनेव्हियाच्या सहलीची चर्चा! पण आपल्या भागातली पोरंपोरी आता पार स्टॉकहोम-कोपनहेगनपर्यंत नोकरीला पोचायला लागलीत. नातवंडाच्या निमित्तानं आईवडील जातात. लेक-जावई सकाळी ऑफिसला गेले की दोन प्रश्न उरतात: दिवसभर बघायचं काय आणि खायचं काय. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. तिकडे दिवस आखायचा तो दुपारच्या जेवणावरून.

आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा आणि परतताना आदमापूरचे बाळूमामा असं सगळं एका दिवसात उरकून देतो. संध्याकाळी त्या बिचाऱ्याला आठवते ती फक्त गाडीची सीट. हीच खोड घेऊन माणसं तिकडे जातात आणि आठवड्यात तीन राजधान्या बसवतात. तसं करू नका. एका शहरात मुक्काम ठोका आणि रोज एकच गाव बघा.

आता जेवणाचं गणित. स्वीडनमध्ये सोमवार ते शुक्रवार, साधारण अकरा ते दोन, बहुतेक हॉटेलांत ‘डागेन्स लुंच’ मिळतं, म्हणजे आजचं जेवण. एक मुख्य पदार्थ, हवी तेवढी कोशिंबीर, पाव-लोणी आणि वर कॉफी. सव्वाशे-दीडशे क्रोनरच्या आसपास. त्याच टेबलावर रात्री बसलात तर बिल बघून भूक मरते. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं आणि मागितलं की देतात. शाकाहारी मंडळींना दुपारी एखादा पर्याय बहुधा असतोच. मांस खाणाऱ्यांनीही विचारून घ्यावं, कारण स्वीडिश मीटबॉलमध्ये गाय आणि डुक्कर दोन्हींचं मांस एकत्र असणं ही तिथली नेहमीची गोष्ट.

म्हणजे सकाळी लवकर निघा, साडेअकराला पानावर बसा. उदाहरण सांगतो. स्टॉकहोमहून रेल्वेनं चाळीसेक मिनिटांवर उप्साला आहे. आधी कॅथेड्रल बघा. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा कार्ल लिनियस तिथेच पुरलेला आहे. मग जेवा, मग त्याची बाग. आपल्या करवंदा-जांभळाची शास्त्रीय नावं याच माणसाच्या पद्धतीनं पडलेली आहेत. बाग उन्हाळ्यातच उघडी असते. तिकडे संग्रहालयं पाचच्या सुमारास बंद होतात, पण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. तेव्हा छपराखालचं दुपारी आणि उघड्यावरचं जेवणानंतर, संध्याकाळी. डिसेंबरात गेलात तर हे सगळं उलटं. स्टॉकहोमला दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो.

कोपनहेगनहून लोक हेल्सिंगोरचा क्रोनबोर्ग किल्ला बघतात, रॉस्किल्डला व्हायकिंगांची जहाजं बघतात. २००० साली खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलावरून चाळीसेक मिनिटांत स्वीडनच्या माल्मोला जाऊन येतात. जरूर जा, पासपोर्ट मात्र खिशात हवा. पण गारगोटीच्या माणसानं एक अर्धा दिवस राखून ठेवावा, असं मी आग्रहानं सांगेन. शहराच्या बिस्पेब्येर्ग भागात ग्रुंटविग यांच्या नावाचं, पिवळ्या विटांचं चर्च आहे, १९४० साली पुरं झालेलं. समोरून ते थेट भव्य ऑर्गनसारखं दिसतं. हे ग्रुंटविग म्हणजे डेन्मार्कच्या लोकशाळांचे जनक. शेतकऱ्यांच्या तरुण पोरांना परीक्षेविना, एकत्र राहून शिकवणारी पहिली लोकशाळा १८४४ मध्ये रोडिंगला निघाली. राधाकृष्णन आयोगानं १९४८-४९ मध्ये भारतात ग्रामीण विद्यापीठं हवीत असं म्हटलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ह्या डॅनिश शाळा होत्या. पुढे केंद्र सरकारनं ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना आणली आणि तिच्या सुरुवातीच्या संस्थांत जे. पी. नाईकांनी उभारलेलं आपलं गारगोटीचं मौनी विद्यापीठ होतं. तेव्हा त्या चर्चमध्ये आपण अगदीच परके नाही.

रात्रीचं जेवण घरी. त्यासाठी इथून काय न्यायचं? तूप, पेढे, खव्याची मिठाई, सुकं मटण, काही नाही! युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत; विमानतळावर काढून घेतात. कांदा-लसूण चटणी चालते, भडंग चालतं, भाकरीचं पीठ चालतं. मध माणशी दोन किलोपर्यंत चालतो, म्हणजे आपल्या पाटगावच्या मधाची बाटली बिनघोर न्या. फक्त झाकण घट्ट लावा आणि मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको. नियम बदलतात, निघण्याआधी एकदा तपासा.

नॉर्वेत तर डबाच हवा. तिथली माणसं स्वतः ‘माटपाके’ नेतात. पावाचे काप, वर तपकिरी गोडसर चीज आणि दोन कापांमध्ये चिकटू नये म्हणून पातळ कागद. त्या कागदाला वेगळं नाव आहे आणि तो दुकानात गठ्ठ्यानं मिळतो. शाळकरी पोरापासून साहेबापर्यंत सगळे तोच डबा उघडतात, त्यामुळे गाडीत आपण चटणी-पोळी काढली तर कुणी वळून बघत नाही. लसणाच्या वासाचं मात्र सांगता येत नाही.

ओस्लोहून बर्गनकडे जाताना मिरडालला गाडी बदला. तिथून फ्लॉमची रेल्वे वीस किलोमीटरमध्ये आठशे साठ मीटरहून अधिक खाली उतरते आणि मध्ये एका धबधब्यापाशी थांबते. खाली फ्लॉमला बोटीत बसून नॅरोयफ्योर्ड बघायचा. दोन्हीकडे सरळ उभे कडे, मध्ये अरुंद पाणी. हा अख्खा दिवस प्रवासात जातो आणि वाटेत खायला मिळतं ते महाग, म्हणून डबा आदल्या रात्रीच भरा. बर्गनला पाऊस वर्षातून दोनशेहून अधिक दिवस पडतो. आपल्याला त्याचं काय, पण रेनकोट घ्या, वाऱ्यात छत्री टिकत नाही. आणि फ्लॉमचा दिवस सोमवारी येत असेल तर पाव शनिवारीच आणून ठेवा. नॉर्वेत रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात.