चुंबकाच्या भरवशावर उपग्रह : पुण्याचा ‘स्वयम्’



ताप्तीकाठच्या या राजपुऱ्यात एखादी चुंबकसूची मध्यभागी दोरा बांधून टांगली, तर ती काही वेळ डोलते आणि अखेर दक्षिणोत्तर स्थिरावते. शालेय पाठ्यपुस्तकातील या प्रयोगावरच पुण्याच्या एका उपग्रहाची भिस्त होती.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (विद्यापीठाचा दर्जा त्यास २०२२ मध्ये लाभला) विद्यार्थ्यांनी २००८ साली ‘स्वयम्’ उपग्रहाचे काम आरंभिले. आकार सुमारे १० सेंटिमीटर बाजूंच्या घनाचा. वजन सुमारे १ किलोग्रॅम, म्हणजे वाण्याकडील साखरेच्या पुड्याइतके.

अग्निबाणापासून विलग होताना उपग्रह गिरक्या घेऊ लागतो. त्या थांबविण्यास मोठ्या उपग्रहांत फिरती चाके किंवा इंधनाचे फवारे असतात. एवढ्याशा पेटीत त्यांना ना जागा, ना पुरेशी वीज. म्हणून विद्यार्थ्यांनी कायम चुंबक बसविण्याचे ठरविले. परंतु राजपुऱ्यातील सूचीला हवा आणि दोरा यांचा अडसर होतो. अवकाशात तो कोठून यावा? तेथे नुसता चुंबक दीर्घकाळ डोलतच राहील. यास्तव मृदू चुंबकीय मिश्रधातूच्या कांड्यांची योजना झाली. उपग्रह फिरत असता त्यांचे चुंबकत्व वारंवार पालटते आणि गिरकीची ऊर्जा उष्णतारूपाने खर्ची पडते. विजेचा खर्च शून्य!

ही काटकसर मात्र निर्धोक नव्हे. चुंबक दुर्बल असल्यास उपग्रह दिशा धरीत नाही. अतिप्रबळ असल्यास कांड्याच निष्प्रभ होतात. हे प्रमाण भूमीवरच ठरवावे लागते, वर गेल्यावर चुंबक बदलता येत नाही. शिवाय अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि काम आठ वर्षांचे. आरंभ करणाऱ्यांचे हिशेब पुढच्या तुकड्यांनी तपासावयाचे होते.

दि. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपक यान सी-३४ ने २० उपग्रह नेले. त्यांत ७२७.५ किलोग्रॅमच्या कार्टोसॅटशेजारी ‘स्वयम्’ही होता. हौशी रेडिओचालकांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणे, हे त्याचे नियोजित कार्य.

सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरील त्याच्या कक्षेत पृथ्वीप्रदक्षिणेस दीड तासाहून थोडाच अधिक वेळ लागतो. चुंबकीय बलरेषा विषुववृत्ताजवळ आडव्या, तर ध्रुवांजवळ जवळपास उभ्या असतात. त्यांचा माग धरणाऱ्या उपग्रहास एका प्रदक्षिणेत दोनदा पुरते वळावे लागते, आणि तेही कोणत्याही आज्ञेवाचून.