ऑपरेशननंतरची लस



आमच्या काटोल भागात लघवी लाल झाली की घरचे लगेच म्हणतात, "उन्हाळी लागली." मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. उन्हाळीत जळजळ होते, ठणका लागतो. पण काहीही न दुखता लघवीतून रक्त गेलं आणि दोन दिवसांत आपोआप थांबलं, तर ते लघवीच्या पिशवीच्या, म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं. वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढलेल्या माणसाने तर एक दिवसही थांबू नये.

बहुतेक रुग्णांत हा कॅन्सर सापडतो तेव्हा पिशवीच्या आतल्या थरांतच असतो. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. पोटावर टाका नाही, थोड्याच दिवसांत माणूस घरी येतो, आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो! पण हा आजार पुन्हा पुन्हा उगवणारा आहे. म्हणून ज्यांना तो परतण्याचा धोका जास्त, त्यांना ऑपरेशननंतर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारं औषध, देतात. ते औषध आहे बीसीजी.

होय, बाळाच्या डाव्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस! काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी गाईच्या क्षयाचे जंतू 13 वर्षं प्रयोगशाळेत वाढवत वाढवत मवाळ केले आणि 1921 साली ही लस माणसाला प्रथम दिली गेली. पुढे 1976 मध्ये कॅनडातल्या डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात ती सोडून पाहिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. इम्युनोथेरपीच्या नव्या इंजेक्शनांमागच्या शोधासाठी नोबेल मिळालं 2018 साली; त्या इंजेक्शनांच्या किमती ऐकूनच आपल्याकडची माणसं खचतात. बीसीजी त्यांच्यापेक्षा कितीतरी जुनी आणि स्वस्त. कॅन्सरसाठीची बीसीजी आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते, याचा मला फार अभिमान वाटतो.

ऑपरेशनची जखम भरायला निदान दोन आठवडे जाऊ देतात. मग आठवड्याला एक, असे सहा डोस. त्या दिवशी सकाळपासून पाणी बेताचंच प्यायचं. बारीक नळीतून औषध पिशवीत सोडतात, नळी काढतात आणि मग दोन तास लघवी रोखून धरायची. हे दोन तास म्हाताऱ्या माणसाला जड जातात, हे मी पाहिलं आहे. आत गेलेल्या जंतूंवर शरीरातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि त्या झटापटीत उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशीही मरतात. डोसनंतर सहा तास बसूनच लघवी करायची, संडासात ब्लीचिंगचं पाणी ओतून पंधरा मिनिटं राहू द्यायचं, हात साबणाने धुवायचे. जंतू जिवंत असतात, म्हणून एवढी काळजी.

एक-दोन दिवस जळजळ, कणकण, वारंवार लघवी हे होतंच. मात्र ताप चढला, हुडहुडी भरली किंवा दोन दिवसांत ताप उतरला नाही, तर ताबडतोब डॉक्टरांना गाठायचं आणि बीसीजी घेतल्याचं आधी सांगायचं. क्वचित ते जंतू अंगात पसरतात आणि क्षयाची औषधं द्यावी लागतात. लघवीत रक्त दिसत असेल त्या दिवशी डोस घेत नाहीत, तेही लपवू नका.

रुग्णांची खरी गळती सहा डोसांनंतर होते. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, पुढे वर्षाने पुन्हा तीन-तीन डोस असतात. धोका जास्त असेल तर तीन वर्षांपर्यंत. मधे दुर्बिणीची तपासणी. तोवर माणूस हिंडता-फिरता झालेला असतो. संत्र्याची तोड आलेली असते, व्यापारी दारात उभा असतो, नागपूरला जाऊन-येऊन दिवस मोडतो. "आता काही त्रास नाही ना, बहार उतरला की जाऊ," असं म्हणत तारीख निघून जाते. आजार पुन्हा आला आणि स्नायूत उतरला, तर अख्खी पिशवी काढण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून घरच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती. डोसांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी बाबांना एकटं एसटीत बसवू नका, सोबत जा. तारीख चुकणारच असेल तर डॉक्टरांना आधी फोन करून दुसरी घ्या. आणि घरातली बिडी आजच बंद करा.