जुनी बोट, लपलेला गंज

शिडाची जुनी बोट घ्यावी का, घेतली तर तिची निगा कशी राखावी, असं विचारणारी तरुण मंडळी हल्ली मला बरीच भेटतात. मोटारीच्या किमतीत सत्तावीस फुटी बोट मिळते म्हटल्यावर मोह होणारच. मीही त्याच मोहानं एक फायबरग्लासची बोट घेतली. ती 1979 साली बांधलेली. माझ्याआधी तिला तीन मालक होऊन गेले होते. घेताना मी काय पाहिलं? रंग, गाद्या, पितळी दिवा आणि शिडांचा पांढरेपणा. म्हणजे ज्यावर बोट तरंगत नाही आणि चालतही नाही, ते सगळं पाहिलं.

याची किंमत 2011 च्या मार्चमध्ये मोजावी लागणार होती. रविवारची दुपार. मांडव्याहून गेटवेकडे परतत होतो. वायव्येचा वारा चांगला भरला होता, डाव्या अंगानं येत होता आणि बोट उजवीकडे कललेली होती. माझ्याबरोबर चौदा वर्षांची मुलगी आणि मांडव्याकडचे एक कोळी तांडेल. अचानक बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. डोलकाठीला डावीकडून ताणून धरणारी मुख्य तार सुटून हवेत भिरभिरायला लागली. डोलकाठी मधोमध धनुष्यासारखी वाकली. मी नुसता बघत राहिलो. तांडेल ओरडले, "साहेब, फिरवा!" तेव्हा कुठे हात हलले. सुकाण्याचा दांडा लोटला, बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे गेलं, वारा उजव्या बाजूला आला आणि सगळा ताण शाबूत असलेल्या उजव्या तारांवर गेला. काठी उभी राहिली.

ही पहिली गोष्ट लिहून ठेवा. वाऱ्याकडच्या बाजूची तार तुटली तर आधी बोट फिरवायची, काय तुटलं ते नंतर पाहायचं. आम्ही नंतर शीड वर ओढायचा एक जादा दोर काठीच्या शेंड्यावरून घेऊन डाव्या काठाशी घट्ट बांधला, शिडं उतरवली, पाण्यात एखादा दोर लोंबत नाही ना ते नीट पाहिलं आणि मगच इंजिन सुरू केलं. पंख्यात दोर गुंडाळला की इंजिनही गेलंच.

तुटली होती ती तार नव्हे, तर ती जिला अडकवतात ती स्टेनलेस पोलादाची पट्टी. तिला चेनप्लेट म्हणतात. ही पट्टी डेकमधून खाली जाते आणि आत बोटीच्या अंगाला बोल्टांनी बसवलेली असते. डेकच्या वरचा भाग घासलेल्या भांड्यासारखा लखलखत होता. डेकच्या जाडीत अडकलेला भाग मात्र तपकिरी, भेगाळलेला. तुटलेल्या जागी ताज्या धातूची चमक एका कोपऱ्यात काय ती दिसत होती. बाकीची पट्टी कितीतरी आधीच मेलेली होती.

स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, अशी आपली समजूत असते. या पोलादावर एक अतिशय पातळ थर असतो, तो त्याचं रक्षण करतो. पण हा थर टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. फटीत खारं पाणी साचून राहिलं की तिथला प्राणवायू संपतो, थर फाटतो आणि क्षार धातूला आतून खायला लागतात. म्हणजे उघड्यावरचं पोलाद सुरक्षित, झाकलेलं धोक्यात. आपल्या उष्ण, दमट हवेत तर हे आणखी वेगानं होतं. केबिनमध्ये चेनप्लेटच्या खाली लाकडावर तपकिरी ओघळ दिसला तर तो पुसून टाकू नका. बोल्ट काढा, पट्टी बाहेर घ्या, भिंगातून पाहा. शंका आली तर नवी करून घ्या.

तारांचंही तसंच. बहुतेक जाणकार दहा ते पंधरा वर्षांत तारा बदलाव्यात असं सांगतात. मी आपल्या हवेत दहाच धरतो. मधल्या काळात जुन्या सुती फडक्यानं तार वरपासून खालपर्यंत पुसत जावी; धागा जिथे अडकेल तिथे एखादा पदर तुटलेला असतो. हातानं मात्र तपासू नका, बोट फाटतं. खालच्या टोकाच्या जोडात पाणी झिरपून बसतं, तिथे जास्त वेळ द्या.

दुसरी जागा तळाला. संडास, मोरी आणि इंजिनाचं थंड पाणी यांच्यासाठी तळाला भोकं असतात आणि त्यांवर झडपा. झडप कांस्याची असावी. पितळेची असेल तर खाऱ्या पाण्यात तिच्यातलं जस्त निघून जातं आणि मागे ठिसूळ तांबं उरतं. बोट बाहेर काढल्यावर झडप जरा खरवडून पाहा. पिवळ्याऐवजी गुलाबीसर रंग दिसला तर त्याच दिवशी बदला. अशी झडप हातात तुटून आली तर धरणाचं दार उघडल्यासारखं पाणी येतं. म्हणून प्रत्येक झडपेजवळ त्या मापाची लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवावी. जिथे भोक तिथेच खुंटी. खणात ठेवलेली खुंटी अंधारात सापडत नाही.

डेक तपासायला लहानशी हातोडी पुरते. अनेक बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत बाल्सा लाकूड भरलेलं असतं. ठोकल्यावर टणक आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आत पाणी शिरून लाकूड कुजलंय असं समजावं.

एवढं ऐकून जुनी बोट नकोच असं कुणाला वाटेल. त्यांना मी 'सुहैली'ची आठवण देतो. ही 32 फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईतच बांधली गेली, 1964 साली पाण्यात उतरली. 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून एकट्यानं, कुठेही न थांबता 312 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, जगात पहिल्यांदा. पण अटलांटिकमध्येच तिचा तळ गळायला लागला होता. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात बुड्या मारून फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकला आणि वर तांब्याची पट्टी मारली. गळती कुठे आहे ते नेमकं ठाऊक असलेला मालक होता, म्हणून बोट पुढे गेली. आणि 2022 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आपले अभिलाष टॉमी दुसरे आले, तेही जुन्या रचनेच्या बोटीतून. त्या शर्यतीचा नियमच तसा आहे.

शर्यतीचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं सांगतो. जुन्या बोटीला वेग हवा असेल तर नव्या शिडाआधी तळाकडे पाहा. आपल्या कोमट पाण्यात आठवडाभरात तळावर बुळबुळीत थर बसतो, पुढे शिंपलेवर्गी प्राणी चिकटतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी तळ घासून घेतला तर फुकटात वेग मिळतो. मग बोटीतलं सामान उतरवा. माझ्या बोटीतून एकदा दोन गंजके नांगर, रंगाचे अर्धे डबे आणि कुणाचा तरी स्टोव्ह निघाला! जुन्या शिडाचं पोट ताणून मागे सरकतं. शिडाची पुढची कड जरा जास्त ओढून घेतली की ते पुन्हा पुढे येतं. एवढं करूनही नाहीच भागलं, तर मग नवं शीड.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच. मी बोटीच्या किमतीइतकी रक्कम पहिल्या पाच वर्षांत तिच्यावर घातली, आणि त्यातली निम्मी कुणाच्या नजरेला पडत नाही. पत्नी अजून विचारते, नेमकं नवं काय केलंस? म्हणून घेतानाच बोट पाण्याबाहेर काढून जाणकाराकडून तपासून घ्या. त्या फीमध्ये काटकसर करू नका. विकणारा पाण्याबाहेर काढायला तयार नसेल तर चहा पिऊन निघून यावं.

पावसाळ्यात जूनपासून बोट यार्डात उभी असते. दरवर्षी एका बाजूच्या चेनप्लेट काढून पाहतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या. मुलगी आता नोकरीनिमित्त बंगळुरूला असते. सुट्टीला आली की बोल्ट तीच काढते. गेल्या वर्षी डाव्या झाल्या. यंदा उजव्या.