विझून बोलणारा उजेड

मी साधा बी.ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी ओळख शाळेतच संपली. पण नवी मुंबईत रसायनं माणसाला सोडत नाहीत. रात्री वारा फिरला की खिडकी लावून घ्यावी लागते. त्या वासात, खाडीच्या पाण्यात नेमकं काय आहे, हे कुणाला विचारायचं?

म्हणून पुण्याच्या 'आयसर'मधलं एक काम मला जवळचं वाटलं. डॉ. सुजित घोष आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2013 साली एक चमकणारी, सच्छिद्र जाळी जाहीर केली. धातूचे अणू हे सांधे, सेंद्रिय रेणू या दांड्या. दर्ग्याच्या खिडकीतली दगडी जाळी आठवा. ही तिन्ही दिशांना पसरलेली. अशा जाळ्यांसाठीच 2025 चं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना मिळालं. याघींचं बालपण अम्मानमधल्या निर्वासित कुटुंबात, नळ नसलेल्या घरात गेलं; पुढे त्यांनी जाळीनेच वाळवंटी हवेतून पाणी काढून दाखवलं.

कृती स्वयंपाकघरातली वाटावी अशी. धातूचा क्षार आणि सेंद्रिय आम्ल द्रावकात विरघळवायचं, घट्ट झाकण लावून शंभर अंशांच्या आसपास दिवस-दोन दिवस तापवायचं, हळूहळू निववायचं. नशीब असेल तर तळाशी स्फटिक! मग खरी परीक्षा. क्ष-किरणांनी अणूंच्या जागा कळतात; उणे 196 अंशांवर किती नायट्रोजन शोषला, यावरून आतली जागा मोजतात. काही जाळ्यांच्या एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. सिडकोच्या घरात राहणाऱ्याला हेवाच वाटेल.

अतिनील किरणांखाली घोष यांची जाळी उजळते. स्फोटकांत वापरलं जाणारं पिक्रिक आम्ल आत शिरलं, की जाळीतले मोकळे नायट्रोजन अणू त्याला धरतात, आम्ल जाळीचा इलेक्ट्रॉन ओढतं आणि उजेड मंदावतो. उजेड काय, गढूळ पाण्यानेही मंदावेल. कसब आहे ते त्याच्या भाईबंदांना सोडून नेमकं त्यालाच ओळखण्यात.

मात्र ती जाळी कॅडमियमची होती, म्हणजे विषारी धातूची. आणि तपासणी झाली ती सेंद्रिय द्रावकात. पुढे याच गटाने झिर्कोनियमची, पाण्यात काम करणारी जाळी केली. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या माणसाने होडीतूनच एक पट्टी पाण्यात बुडवावी आणि ती विझते का ते पाहावं, इथवर हे काम यायला मला हवं आहे.