वेरूळची राणी गोव्यात

परभणीकरांना वेरूळ काही परके नाही. त्या वेरूळचे नाव मिरविलेले एक विमान मात्र गोव्यात आहे. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाने १९९८ साली विमानांचे संग्रहालय उघडले. तेथील 'सुपर कॉन्स्टेलेशन' ते हेच. पंखे फिरविणारी चार इंजिने, माशासारखे निमुळते अंग, शेपटीवर तीन उभी पाती. एअर इंडियात असताना 'रानी ऑफ एलोरा' या नावाने ते परदेशच्या वाऱ्या करी. पुढे ते हवाई दलाकडे गेले आणि १९७६ मध्ये नौदलाकडे येऊन समुद्रावर टेहळणी करू लागले.

पण अधिक वेळ द्यावा तो लहानग्या 'सी हॉक' आणि 'अलिझे' यांना. ही विमाने 'विक्रांत' या युद्धनौकेवरून उडत. नौकेवरची धावपट्टी ती केवढी! म्हणून उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडके आणि विमान काही क्षणांत थांबे. जागा वाचावी म्हणून पंखही दुमडता येत. डिसेंबर १९७१ च्या युद्धात याच जातीच्या विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे मारा केला.

'विक्रांत' आज नाही. १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर ती काही वर्षे मुंबईत तरते संग्रहालय होती. देखभालीचा खर्च पेलेना, आणि २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. तिची विमाने तेवढी राहिली. त्यांतील कित्येक उघड्यावर उभी आहेत आणि खारा वारा धातू खातो. सहल गोव्याला निघालीच, तर गुरुजींकडे अर्धा दिवस मागून घ्यावा आणि 'सी हॉक'च्या शेपटीखाली तो आकडा शोधावा.