घर कोठे घ्यावे?

(आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस ‘समाजाची शैक्षणिक प्रगती’ हा विषय सुचविला होता. अडतीस वर्षे खडू झिजविलेल्या माणसास त्यावर बोलणे अवघड नव्हते. परंतु गेल्या वर्षभरात आमच्या दारी जे बांधव आले, त्यांत मुलाच्या गुणांविषयी विचारणारे थोडे, आणि “गुरुजी, जागा कुठं घ्यावी?” असे विचारणारे पुष्कळ. म्हणून अध्यक्षांच्या अनुमतीने आम्ही विषय बदलून घेतला आहे. आम्ही मॅट्रिक झालेले मास्तर. वकील नव्हे, इंजिनिअर नव्हे. आमचा या विषयातील अधिकार एवढाच की आम्ही एकदा चुकीच्या ठिकाणी घर बांधले, आणि उतारवयात दुसरे घर शोधण्याची पाळी आमच्यावर आली.

आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील या शहरात शिक्षणासाठी किंवा व्यापारासाठी आले. १९०१ पासून राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने येथे एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. त्याआधी १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ साली महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. खेड्यातला मुलगा बोर्डिंगात राहिला, शिकला, नोकरीस लागला आणि जवळच्याच पेठेत दोन खोल्या करून राहिला. त्या दोन खोल्यांचे पुढे घर झाले, घराचा वाडा झाला. आणि आज त्या वाड्याच्या वाटण्या होऊन एकेका भावाच्या वाट्यास दीड-दीड खोली आली आहे. तेव्हा उपनगरात जाणे ही कोणाची हौस नव्हे. जाणे भाग आहे. प्रश्न कोणीकडे जावे एवढाच आहे.

आमची हकीकत प्रथम सांगतो. १९९३ साली आम्ही नदीकडे उतरणाऱ्या भागात एक लहानसा प्लॉट घेतला. भागाचे नाव सांगत नाही, कारण तेथे आपले काही बांधव अद्याप राहतात आणि आमच्या भाषणाने त्यांच्या घरांची किंमत उतरावी अशी आमची इच्छा नाही. जागा घेताना आम्ही काय पाहिले? भाव परवडतो, शाळा जवळ, मेहुणे शेजारी, आणि मंगळवार-शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनास पायी जाता येते. एवढे पाहून आम्ही बयाणा दिला. २००५ च्या पुरात पाणी पायरीपर्यंत येऊन परत गेले. आम्ही त्याचा अर्थ ‘देवीची कृपा’ असा लावला आणि आणखी एक खोली बांधली.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी पायरीशी थांबले नाही. खिडकीच्या गजांना लागले. अंगावरच्या वस्त्रानिशी आणि एका पिशवीनिशी आम्ही उभयतां बाहेर पडलो, आणि ज्या शाळेच्या इमारतीत आमची सोय करण्यात आली, ती आम्ही पूर्वी नोकरी केलेलीच शाळा निघाली. ज्या वर्गात आम्ही चौथीच्या मुलांकडून कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या घोकून घेतल्या, त्याच वर्गात आम्ही चटई पसरून निजलो. फळा समोरच होता. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीचे पाणी कोणत्या वाटेने येते, पुढे नरसोबाच्या वाडीस कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी कसे तुंबते, हे आम्ही त्या फळ्यावर खडूने काढून दाखविले होते. दुसऱ्यांच्या मुलांना शिकविलेला तो भूगोल स्वतःचे पैसे मोजताना आमच्या ध्यानी आला नाही. या गोष्टीसाठी आम्ही कोणासही दोष देत नाही. विकणाऱ्याने जागा विकली, घेतली आम्ही. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा आत आले. त्या रात्री आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “आता भिंती रंगवायच्या न्हाईत.”

आपल्यांतील पुष्कळांचा असा समज आहे की पूर ही दैवी आपत्ती, तिचा हिशेब मांडता येत नाही. तो मांडता येतो. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फूट झाली की इशारा आणि ४३ फूट झाली की धोका, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्या वर गेली. पाटबंधारे खात्याने नकाशावर दोन रेषा आखल्या आहेत. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. सरासरी म्हणजे करार नव्हे. एकदा पूर येऊन गेला म्हणून पुढची चोवीस वर्षे निर्धास्त असे कोणी समजू नये. निळ्या रेषेच्या आत घर बांधावयाचेच नाही आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध पाळून बांधावयाचे. जागा घेण्यापूर्वी हा नकाशा पाहण्यास काही फार विद्या लागत नाही. तो पाहूनही समाधान झाले नाही तर त्या गल्लीतील दूधवाल्यास विचारावे. २०१९ साली तो कोठपर्यंत दूध घालू शकला आणि कोठून परतला, हे तो बोट दाखवून सांगतो. आपल्या पूर्वजांस हे समजत होते. १९४५-४६ साली डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे उत्खनन केले. सातवाहनकाळची ती वस्ती नदीच्या अगदी काठी, पण टेकाडावर!

यावर कोणी म्हणेल, मग सरळ उंचावर जावे. येथेच कोल्हापूरची खरी अडचण आहे. शहराच्या उत्तरेस आणि पश्चिमेस नदी. दक्षिणेस आणि आग्नेयेस जमीन चढत जाते. पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर या बाजूस पुराचे भय नाही. परंतु तेथे नळाचे भय आहे. १९७२ साली महानगरपालिका झाली, वस्ती मात्र तिच्या हद्दीबाहेर पसरत गेली आणि हद्दवाढीचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. हद्दीच्या आत आणि बाहेर असलेली दोन घरे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस असू शकतात. पण एकास महापालिकेचे पाणी आणि दुसऱ्यास ग्रामपंचायतीचे. काळम्मावाडीचे पाणी थेट नळयोजनेने २०२३ च्या दिवाळीत शहरास मिळाले, तेव्हा आपले एक बांधव हर्षभरित होऊन आमच्याकडे आले होते. त्यांचे घर हद्दीबाहेर आहे हे आम्हांस त्यांना सांगावे लागले. अर्थात शहरातल्यांनीही फार गर्व करू नये. २०१९ साली नदीवरची उपसा केंद्रेच बुडाली आणि अंगणात कमरेएवढे पाणी असताना नळ कोरडे होते.

सारांश, खालच्या बाजूस जुलैची काळजी आणि वरच्या बाजूस एप्रिलची. श्रीमंतास दोन्ही टाळता येतात. आम्हांस यांतून एक निवडावयाची होती.

२०२२ साली आम्ही व चिरंजीव असा विचार करू लागलो. त्यांची नोकरी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, सूनबाईंची शहरात. जवळ सोळा लाख होते. वीस लाख कर्ज मिळेल असे बँकेने सांगितले. आम्ही जुन्या सवयीने पाटीवर गणित मांडले. पावणेनऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या वीस लाखांचा महिन्याचा हप्ता साडेसतरा हजारांच्या वर जातो आणि एकंदर फेड बेचाळीस लाखांच्या पुढे. बँक जेवढे देते तेवढे सर्व घ्यावे असा काही शास्त्रार्थ नाही. आम्ही पंधरा लाखच घ्यावयाचे ठरविले आणि एक खोली कमी केली.

दुसरे गणित अंतराचे. घर सात किलोमीटर लांब गेले तर जाऊन-येऊन चौदा, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे साडेतीनशे किलोमीटर. मोटारसायकलला आजच्या भावाने सुमारे आठशे रुपयांचे पेट्रोल. तेवढ्याच आठशे रुपयांत नव्वद हजारांच्या कर्जाचा हप्ता जातो. म्हणजे ते लांबचे घर नव्वद हजारांनीच स्वस्त असेल तर ते स्वस्त नाही. शिवाय सायंकाळी के. एम. टी.ची शेवटची बस कधी, हे गणितात धरले पाहिजे. ज्या घरी मुलगी शिकवणीहून परतावयाची असते तेथे हा प्रश्न हप्त्याहूनही मोठा आहे.

शिरोलीच्या बाजूस आम्हांस एक सुबक जागा दाखविण्यात आली. जागा उंच होती, भावही बेताचा. परंतु तेथून रोज नदी ओलांडावयाची होती. आणि २०१९ व २०२१ साली खुद्द पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याने बंद पडला होता. घर कोरडे आणि माणूस दोन दिवस पलीकडे अडकलेला, हा प्रकार आम्हांस पत्करेना. ज्यांची नोकरी त्याच बाजूस आहे त्यांनी ती जागा खुशाल घ्यावी.

पाचगावच्या चढावर एका गल्लीत आम्ही भर मे महिन्यात दुपारी गेलो. जागा पाहण्यास दिवाळीच्या सुमारास जाऊ नये. एकदा मे महिन्यात जावे आणि एकदा जुलैत. एक वृद्ध बाई दारात पिंप झाकून बसल्या होत्या. आम्ही विचारले, “मावशी, नळ किती दिवसांनी येतो?” त्या म्हणाल्या, “चार दिसांतनं एकदा येतंय, गुर्जी. खरं बोलवल्यावर येतंय. न बोलवता घरात शिरत न्हाई.” घरी परतताना आम्ही वाटेत काही बोललो नाही. निवड तेथेच झाली होती.

आता कागदांविषयी. हा भाग रूक्ष आहे, पण सर्वांत अधिक पैसे येथेच बुडतात. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरल्याची पावती दाखवून “ही बघा मालकी” असे सांगण्याचा प्रघात आहे. ती मालकी नव्हे. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा पाहावा, जमीन बिगरशेती झाली आहे काय ते पाहावे आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा. त्याची फी जड वाटते, परंतु एका वास्तुशांतीच्या जेवणाहून ती कमीच असते. मोठ्या इमारतीतील सदनिका असेल तर १ मे २०१७ पासून रेराची नोंदणी लागते. मात्र आठ किंवा त्याहून कमी सदनिकांच्या इमारतीस ती सक्तीची नाही, आणि आपल्या ऐपतीच्या इमारती बहुधा तेवढ्याच असतात. तेथे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः डोळ्यांनी पाहिल्यावाचून रक्कम देऊ नये.

गतवर्षीच्या मेळाव्यात काही उत्साही तरुणांनी सूचना केली की समाजातील दहा कुटुंबांनी मिळून एक एकर शेतजमीन घ्यावी आणि चार-चार गुंठे वाटून घ्यावेत. स्वस्तही पडेल आणि आपली माणसे एकत्रही राहतील. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस आदर आहे. परंतु शेतजमिनीचे असे तुकडे पाडण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची अडचण आहे, आणि एका सातबाऱ्यावर दहा नावे लागल्यावर एकाने कर्ज काढावयाचे म्हटले तर नऊ जणांच्या सह्या! गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला, २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढविली. पण पुढेही सरकार वाढवीतच राहील या भरवशावर मुलाबाळांचे छप्पर उभारू नये. एकत्र राहावयाचे असेल तर रीतसर सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवावी, जमीन बिगरशेती करून घ्यावी आणि मंजूर रेखांकनाप्रमाणे प्लॉट पाडावेत. त्यास तीन वर्षे लागतील. लागू द्यावीत. आणि एक स्पष्ट बोलतो, राग नसावा. ‘आपली माणसे जवळ’ या एका मोहाने आम्ही १९९३ साली डोळे मिटले होते. पूर आला तेव्हा आपली सर्वच माणसे एकदम पाण्यात होती. मदतीस यावयाचे कोणी कोठून?

आणखी एक गोष्ट. आपल्यांत जागा पाहण्यास चार पुरुष जातात आणि गृहिणीस वास्तुशांतीच्या दिवशी घर दिसते. पाणी भरणार ती, आणि पाणी विचारणार आपण! आमच्या पहिल्या घराच्या वेळी आम्ही हेच केले. या खेपेस सौभाग्यवती आणि सूनबाई पुढे, आम्ही मागे. चार घरे त्यांनी मोरीत उभे राहूनच नापसंत केली, आणि त्यांची कारणे आमच्या कारणांहून सरस होती. घर सूनबाईंच्या एकटीच्या नावे घेतले. केवळ स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळू लागली होती. आमच्या थोरल्या बंधूंनी यावर नाक मुरडले. त्यांना आम्ही सुटीचा आकडा सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “मग बरोबर केलंस.”

ते घर दोन खोल्यांचे आहे. खाली दहा हजार लिटरची टाकी बांधून घेतली. २०२४ च्या जुलैत पंचगंगेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा नदीकाठचे आमचे बंधू, वहिनी आणि त्यांची नातवंडे आमच्याकडे राहावयास आली. अकरा माणसे झाली. नळाचा दिवस लांब होता, टाकीचा तळ दिसू लागला आणि भर पावसात आम्हांस पाण्याचा टँकर मागवावा लागला. वहिनी दारात उभ्या राहून तो टँकर पाहत होत्या. त्यांच्या मनात काय आले ते आम्ही विचारले नाही. पण दसऱ्यानंतर बंधू आपला सातबारा घेऊन आमच्याकडे आले.

ज्यांना आपले कागद दाखवावयाचे असतील त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर यावे. झेरॉक्स नको, मूळ उतारे आणावेत, आणि घरच्या मंडळींस बरोबर आणावे.