गुंठा, आर आणि एक टिंब

(ज्ञातिसंमेलन, उमरी येथील भाषण)



३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. मग ६६ फूट बाजूच्या चौरसात गुंठे किती? हा प्रश्न मी वर्गात दरसाल घालतो आणि बहुतेक मुले झटकन ‘दोन’ म्हणतात. तेव्हा त्यांना दोरी व चुना देऊन मी मैदानावर नेतो. आखणी होताच चार चौकटी समोर दिसतात आणि वर्ग गप्प होतो. फळ्यावर सिद्धांत दहादा लिहूनही ही शांतता लाभत नाही. कणगीचा घेर व उंची दोन्ही दुप्पट केल्यास धान्य आठपट मावते, हे पटविण्यास मात्र ज्वारीच मोजावी लागते!

आपली बोली एकर-गुंठ्यांची, सातबारा हेक्टर-आरांचा. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा सुमारे १०१. म्हणजे ०.४० हेक्टर हा जवळजवळ एक एकर झाला. तेच कोणी ०.०४ लिहिले, तर छत्तीस गुंठे बुडाले. एका घरी वाटणीपत्रावर अंगठे उठण्यापूर्वी नववीतील मुलीने हीच चूक दाखविली. भावांनी कागद पुन्हा लिहविला.